नळ कंपनीकडे, नहर कोणाकडे?

शहराचा पाणीपुरवठा खासगी कंपनीला चालवायला द्यायचा ठरला की महापालिकेच्या करारनाम्याला मालमत्तेची एक यादी जोडली जाते. तीत पंपांची अश्वशक्ती असते, उंच टाक्यांची लाख लिटरमधली क्षमता असते, जलवाहिन्यांचा व्यास आणि लांबी असते. भुयारी नहरी म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे जुने दगडी मार्ग, दगडी हौद, अडकलेली हवा सोडणारे उच्छ्वास, बिडाचे जुने व्हॉल्व्ह, वाफेच्या इंजिनांसाठी बांधलेली पंपघरे, त्यांचे नकाशे आणि नोंदवह्या यांना त्या यादीत सहसा जागा मिळत नाही. मिळालीच तर निर्लेखित, म्हणजे हिशेबातून वगळलेल्या मालमत्तेच्या रकान्यात. ही यादी पूर्ण झाल्याशिवाय निविदा निघू नये, असे आमचे ठाम मत आहे. पाणी चालवण्याचे काम कंत्राटाने देता येते. त्या पाण्याच्या जुन्या वास्तूंची राखण मात्र मालकाची, म्हणजे महापालिकेचीच राहते. ती कोणत्या कलमाने, कोणत्या पैशातून आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार हे करारात लिहिलेले नसेल, तर ती होत नाही.

खासगीकरण चांगले की वाईट, हा वाद इथे बाजूला ठेवू. महापालिकांच्या स्वतःच्या पाणीपुरवठा विभागांनीही हौद बुजवले आहेत आणि नहरींवरून गटारे नेली आहेत. पण कंत्राट आले की परिस्थिती वेगळी होते, कारण कामामागचा हिशेब बदलतो. कंत्राटदाराचा मोबदला ठरतो तो बिल झालेल्या पाण्यावर, बेहिशेबी पाणी किती घटले यावर, तक्रार किती तासांत मिटली यावर. नहरीतून वाहणाऱ्या पाण्याचे बिल निघत नाही. उलट जलवाहिनीतून भरला जाणारा मीटरविना हौद किंवा दर्ग्याच्या, देवळाच्या आवारातली जुनी जोडणी त्याच्या हिशेबात गळती ठरते. ती तोडली की त्याचे आकडे सुधारतात. त्याचा हेतू वाईट असावा लागत नाही. करारच त्याला ते करायला लावतो.

भंगाराचेही तसेच. बदललेले जुने साहित्य कंत्राटदाराने हलवावे, एवढेच करारात लिहिलेले असले आणि ते कोणाच्या मालकीचे हे लिहिलेले नसले, की एकोणिसाव्या शतकातला बिडाचा नळ, कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले झाकण, पितळी दांड्याचा स्लूस व्हॉल्व्ह हे सारे किलोच्या भावाने जाते. हे साहित्य म्हणजे त्या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या इतिहासाचा लेखी पुरावाच असतो. नळ कोणत्या साली, कुठून आला, किती जाडीचा होता आणि किती वर्षे टिकला हे त्याच्यावरून कळते, आणि आज नवा नळ निवडताना अभियंत्याला त्याचा प्रत्यक्ष उपयोग असतो. तिसरी हानी तर डोळ्यांना दिसतच नाही. कोणत्या गल्लीत किती फुटांवर जुनी वाहिनी आहे, कोणता व्हॉल्व्ह उलट्या आट्याचा आहे, पावसाळ्यात कोणत्या हौदात पाझर येतो, हे चावीवाल्यांना आणि फिटरांना माहीत असते आणि कागदावर नसते. यंत्रणा कंपनीकडे जाताना ही माणसे दुसऱ्या विभागात वळवली जातात किंवा निवृत्त होतात, आणि त्यांच्याबरोबर तो नकाशाही जातो.

महाराष्ट्रात हे सारे एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादकडे पाहावे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इथे नहर बांधली. उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याशी मुरलेले पाणी जमिनीखालच्या दगडी मार्गात झिरपू द्यायचे, मंद उतारावर ते शहराकडे आणायचे, वाटेत उभे मनोरे बांधून अडकलेली हवा सोडायची आणि दाब तोडायचा, आणि पुढे भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून हौदाहौदांत वाटायचे. नहर-ए-अंबरीनंतर थत्ते नहर, बेगमपुऱ्याची नहर, पाणचक्कीची नहर अशी अनेक कामे होत गेली. यात पंप नाही आणि वीजही नाही. वरच्या पाणलोटात मुरणारे पाणी, कुठेही न तुटलेला उतार आणि साफसफाईला माणूस उतरू शकेल अशी उघडी तोंडे एवढ्यावर ही व्यवस्था चालते. पाणचक्कीत हे पाणी उंच भिंतीवरून खाली पडते आणि त्याच्या जोरावर चक्की फिरते. तिथल्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. त्यामुळे दालन गार राहते, आणि त्यामुळेच हौदाच्या तळाला पडलेली लहानशी चीरही तिथे गंभीर ठरते.

आता मालकीचा गुंता पाहा. पाणचक्कीचा परिसर वक्फ मंडळाकडे आहे. नहर ज्या जमिनीखालून येते त्यात शेते आहेत, वसाहती आहेत, सरकारी जागा आहेत, महापालिकेचे रस्ते आहेत. वास्तू नजरेला दिसते तिथे तिला कोणीतरी वाली सापडतो. दोन वास्तूंमधला भुयारी मार्ग मात्र कोणाच्याच नोंदीत धड नसतो, आणि पाणीपुरवठ्याची खोदाई नेमकी तिथेच होते.

या शहराने २०११ मध्ये झालेल्या करारानुसार सप्टेंबर २०१४ मध्ये आपला पाणीपुरवठा एका खासगी कंपनीकडे सोपवला आणि २०१६ मध्ये तो करार रद्द केला. ‘समांतर’ या नावाने गाजलेल्या त्या योजनेवरचा वाद पाणीपट्टी, मीटर आणि कामाची गती यांभोवती फिरला. पुढे २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. जायकवाडीपासून २,५०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी, नव्या टाक्या आणि शहरभर वितरणाचे नवे जाळे असे तिचे स्वरूप आहे. एवढे जाळे जमिनीत उतरवायचे तर जुन्या शहराची क्वचितच एखादी गल्ली खोदाईवाचून राहील. आणि योजना पूर्ण झाल्यावर ती चालवायची कोणी, हा प्रश्न पुन्हा समोर येणार आहे. म्हणून ही चर्चा आत्ताच व्हायला हवी.

ज्या शहरात अनेक दिवसांआड नळाला पाणी येते, तिथे चारशे वर्षांपूर्वीच्या भुयाराची काळजी कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. नहरी आजच्या लोकसंख्येची तहान भागवू शकत नाहीत आणि जायकवाडीला पर्याय नाही, हे आम्ही मान्य करतो. पण वारसा सांभाळला म्हणून पाणी उशिरा येते हे खरे नाही. उशीर होतो तो जमिनीखाली काय आहे हे माहीत नसताना खोदल्यामुळे. अनपेक्षित पोकळी लागते, काम थांबते, आराखडा बदलतो, कंत्राटदार वाढीव खर्च मागतो, प्रकरण लवादाकडे जाते. जमिनीतला हा धोका निविदा भरणारा आपल्या दरात आधीच धरून ठेवतो. त्याच्या हातात तपासलेला नकाशा दिला तर ती धास्ती कमी होते आणि दरही कमी होऊ शकतो. वारशाची यादी ही कंत्राटदारालाही हवी अशी गोष्ट आहे.

मग खोदाईत नेमके काय बिघडते? सगळ्यात ढोबळ अपघात म्हणजे जेसीबीच्या दाताने नहरीचे छत फुटणे. पण छत फुटणे ही पहिली हानी. त्यानंतर जे होते ते जास्त वाईट. रात्रपाळीची टोळी भोक दिसताच राडारोडा आणि सिमेंट ओतून ते बुजवते, कारण काम थांबले तर दिवसागणिक दंड आहे आणि सापडले म्हणून कळवले तर मिळणारे काहीच नाही. त्या एका बुचामुळे वरच्या बाजूचे पाणी तुंबते, कुठल्यातरी तळघरात फुटते, आणि खालच्या बाजूचा हौद दोन महिन्यांत कोरडा पडतो. कारण कोणालाच कळत नाही. म्हणून करारात सरळ लिहावे, की जुने बांधकाम लागल्याचे चोवीस तासांत कळवले तर कामाची मुदत तेवढ्या दिवसांनी आपोआप वाढेल आणि उभ्या राहिलेल्या यंत्रांचे भाडे ठरलेल्या दराने मिळेल. लपवले तर त्या ठिकाणचे पुनर्बांधणीचे काम त्याच्या बँक हमीतून केले जाईल. ही एक दुरुस्ती केली तरी निम्मी हानी टळेल असे आम्हाला वाटते.

न फुटताही नहर मरते. नव्या जलवाहिनीखाली आणि भोवती वाळूचा थर घालतात. चर नहरीला छेदून किंवा तिच्या अगदी बाजूने गेला की तो वाळूचा थर पाण्याला सोपी वाट देतो. नहरीत झिरपणारे पाणी चरातून उताराकडे निघून जाते. वरून पाहिले तर काम नमुनेदार झालेले असते. यावर उपाय स्वस्त आहे. नहरीच्या दोन्ही बाजूंना आणि पुढे ठरावीक अंतरांवर चरात वाळूऐवजी चांगली कुटून बसवलेली चिकणमातीची भिंत घालायची, म्हणजे चर आडवा बंद होतो. हे कलम मोजमापाच्या यादीत स्वतंत्र बाब म्हणून असावे लागते, नाहीतर कोणी घालत नाही, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत.

दाबचाचणीत वेगळा धोका असतो. नवी वाहिनी टाकल्यावर तिच्यात कामकाजाच्या दाबाच्या साधारण दीडपट दाबाने पाणी भरून पाहतात. नहरीच्या डोक्यावर वाहिनीचा सांधा असेल आणि तो चाचणीत सुटला, तर जोरात निघालेले पाणी भोवतालची बारीक माती धुऊन नेते, नहरीचा दगड आधार गमावतो आणि छत काही महिन्यांनी बसते. बिडाच्या लवचिक, म्हणजे डीआय नळाची लांबी साधारण साडेपाच मीटर असते. नहर ओलांडायच्या जागेचा मध्य आणि नळाचा मध्य एकावर एक आणला की नहरीवर सांधा येतच नाही. नळ काटकोनात न्यावा, त्याचा भार नहरीच्या छतावर न येता दोन्ही कडांबाहेरच्या आधारांवर यावा, आणि नळ बाहेरच्या संरक्षक नळातून घालावा. नहर खोल असेल तर वरून, उथळ असेल तर तिच्याखालून बिनखोदाईच्या पद्धतीने जावे, पण मार्ग कॅमेऱ्याने आतून तपासून झाल्यावरच. अंदाजाने घातलेला आडवा ड्रिल थेट नहरीतून आरपार जातो.

दख्खनच्या या भागात कमी खोलीवर काळा पाषाण लागतो आणि मग तो फोडायला ब्रेकर यंत्र येते. जुन्या चुन्याच्या बांधकामासाठी कंपनाची मर्यादा काय असावी, याचे मापदंड उपलब्ध आहेत. डीआयएन ४१५० या जर्मन मानकात संवेदनशील ऐतिहासिक इमारतींच्या पायाशी, कमी वारंवारितेच्या कंपनांना, सेकंदाला ३ मिलिमीटर वेगाची मर्यादा सुचवली आहे. कंपनमापक भाड्याने मिळतो, बसवायला तास लागत नाही. मर्यादा ओलांडली की ब्रेकर थांबवून छिद्रे पाडून हाताने ठोकायच्या पाचरींनी किंवा फुगणाऱ्या रासायनिक मिश्रणाने दगड फोडता येतो. वेळ लागतो, पण तो काही मीटरपुरताच.

दुरुस्ती करणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे सिमेंट. दगडांच्या सांध्यांतला जुना चुना मऊ, थोडा लवचिक आणि ओल बाहेर सोडणारा असतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या तोंडाशी साठतात आणि गिलाव्यासकट दगडाचा पापुद्रा सुटतो. पाहणीच्या दिवशी दुरुस्ती चकचकीत दिसते. बिल निघून गेल्यावर काही पावसाळ्यांनी ती सुटते. पाण्याखाली राहणाऱ्या भागाला पाण्यात घट्ट होणारा जलीय चुना किंवा सुरखी, म्हणजे विटांची भुकटी मिसळलेला चुना लागतो, आणि तो ओला राखून पिकवायला दिवस द्यावे लागतात. दोषदायित्वाची, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने दुरुस्त करून देण्याची, मुदत वर्षभराची असेल तर हा फरक कधीच उघड होत नाही. जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीसाठी ती किमान पाच पावसाळे तरी असावी.

या सगळ्याच्या आधी नकाशा हवा, आणि तो करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुने कागद: नगरपालिकेचे, निजामकाळाचे, भूमापनाचे. मग निवृत्त चावीवाले आणि त्या त्या मोहल्ल्यातली जाणती माणसे, त्यांना मानधन देऊन. मग पायी हिंडून मनोरे, उच्छ्वास, हौद, बुजवलेली तोंडे यांची जागा आणि पातळी मोजायची. त्यानंतरच यंत्रे आणावीत. सल्लागार संस्था पहिल्याच दिवशी जमिनीत डोकावणारे रडार आणतात आणि रंगीत अहवाल देतात. काळ्या चिकण मातीत, विशेषतः ती ओली असताना, रडारची लहर लवकर विरते आणि खालचे काही दिसत नाही. अशा अहवालात ‘काही आढळले नाही’ असे असले तर ‘खाली काही नाही’ असा अर्थ काढणे घातक आहे. अशा मातीत विद्युतरोधाची मोजणी, उघड्या तोंडातून सोडलेला कॅमेरा, पाण्यात निरुपद्रवी रंग सोडून तो कुठे निघतो हे पाहणे, आणि शेवटी हाताने खणलेले परीक्षणखड्डे यांवरच विसंबावे लागते. माणूस आत उतरवायचा तर आधी विषारी वायू आणि प्राणवायू मोजलाच पाहिजे. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली असेल तर कोणीही उतरता कामा नये.

पुण्यातही हे चित्र ओळखीचे आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शहरात आणलेले पाणी दगडी बांधीव नळातून पेठांमधल्या हौदांपर्यंत येत होते. वाटेवरचे उच्छ्वास आजही काही ठिकाणी उभे आहेत. २०१९ मध्ये मेट्रोच्या कामात स्वारगेटजवळ जुना भुयारी जलमार्ग उघडा पडला, तेव्हा शहराच्या पायाखाली काय काय आहे याची चर्चा नव्याने झाली. मेट्रोचे काम एका जागी चालते आणि सगळ्यांच्या नजरेत असते, म्हणून तो मार्ग दिसला. पुण्याच्या समान पाणीपुरवठा योजनेच्या चरात असे काही लागले तर ते दोन तासांत बुजते.

मुंबईत मलबार हिलच्या, हँगिंग गार्डनखालच्या, एकोणिसाव्या शतकातल्या जलाशयाचे प्रकरण ताजे आहे. तो पाडून नवा बांधण्याचा शेकडो कोटींचा प्रस्ताव आला, रहिवाशांनी झाडांचा आणि वारशाचा मुद्दा लावून धरला, आणि २०२३ च्या अखेरीस तज्ज्ञांच्या समितीने जलाशयाचे कप्पे आळीपाळीने रिकामे करून आतून पाहिले. तो पाडण्याची गरज नाही, दुरुस्तीने भागेल, असा सूर तिथून पुढे आला. मुंबईत जाणकार आणि चिकाटीचे नागरिक होते म्हणून हे घडले. संभाजीनगरच्या किंवा अहिल्यानगरच्या खापरी नळांसाठी, कोल्हापुरातल्या पाण्याच्या खजिन्यासाठी तितका दबाव उभा राहीलच असे नाही. तिथे हे काम नियमाने व्हावे लागेल.

आपला कायदा याबाबतीत अपुरा पडतो. १९५८ चा केंद्रीय आणि १९६० चा राज्याचा कायदा संरक्षित घोषित केलेल्या स्मारकांनाच लागू होतो. केंद्राच्या २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. पण हे सगळे एका बिंदूभोवती आखलेले आहे. काही किलोमीटर लांब, कुठे दिसणारी आणि कुठे न दिसणारी नहर त्यात बसत नाही. शहरांच्या वारसायाद्यांतही दरवाजे, वाडे, मकबरे येतात; त्यांना जोडणारी भुयारी रेघ येत नाही. तिकडे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठा पाचव्या क्रमांकावर आहे आणि सांस्कृतिक बाबींना चालना देणे तेराव्या. दोन्ही जबाबदाऱ्या एकाच नगरसंस्थेच्या, पण एक पाळताना दुसरी विचारात घ्या, असे कोणी सांगत नाही.

इतरांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९६६ च्या ऐतिहासिक वास्तू संरक्षण कायद्याच्या कलम १०६ खाली केंद्र सरकारच्या प्रत्येक खात्याला आपल्या कामाचा वारशावर काय परिणाम होईल हे आधी तपासावे लागते. त्याच्या नियमांत एक मोलाचे वाक्य आहे: संरक्षणाच्या पुरेशा आणि कायद्याने अमलात आणता येतील अशा अटी न घालता ऐतिहासिक मालमत्ता सरकारी ताब्यातून विकणे, भाड्याने देणे किंवा हस्तांतरित करणे, हाच त्या मालमत्तेवरचा प्रतिकूल परिणाम मानला जातो. नुकसान होण्याची वाट पाहावी लागत नाही. आपल्या निविदाप्रक्रियेत हेच तत्त्व हवे आहे. इंग्लंडने १९८९ मध्ये पाणी कंपन्यांकडे दिले आणि १९९१ च्या जलउद्योग कायद्याच्या कलम ३ ने पुरातत्त्वीय, वास्तुशास्त्रीय आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व स्थळे जपण्याचा विचार करण्याचे बंधन त्या कंपन्यांवरही घातले. विचार करणे ही अट सौम्य आहे, पण ती पाळण्याची जबाबदारी कंपनीवर आहे हे निर्विवाद झाले.

नुसत्या अटी पुरत नाहीत, याचेही उदाहरण अमेरिकेतच आहे. वॉशिंग्टनच्या मॅकमिलन जलाशयाशेजारी १९०५ मध्ये सुरू झालेले भुयारी वालुकागाळण केंद्र नवी यंत्रणा आल्यावर बंद पडले. १९८७ मध्ये केंद्र सरकारने ती जागा संरक्षणाच्या अटींसह शहर प्रशासनाला विकली. त्यानंतर जागा कुंपणाआडच राहिली, वापर नव्हता, देखभालीचा पैसा नव्हता. अनेक वर्षे कोर्टकचेऱ्या चालल्या आणि २०२१ च्या सुमारास बरेचसे गाळणकक्ष पाडायला सुरुवात झाली. अटींबरोबर वापर आणि पैसा बांधलेला नसला की तीन दशकांनी अट फक्त वकिलांच्या कामाची उरते.

म्हणून नहरींना काम द्यावे. त्यांचे पाणी पिण्यासाठी नाही, पण बागा, रस्ते धुणे, अग्निशमनाचे हौद, बांधकामाचे टँकर यांना चालेल. जंतूंची आणि सांडपाण्याची तपासणी दर महिन्याला करून कोणत्या कामाला चालेल ते ठरवावे. जायकवाडीहून ४० किलोमीटरच्या आसपासचे अंतर पंपाने चढवत आणलेले, शुद्ध केलेले पाणी झाडांना घालण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. हौदाच्या सांडव्यावर मीटर बसवून या पाण्याचे घनमीटर कंत्राटदाराच्या पुरवठ्यात मोजावेत आणि त्याचा ठरलेला दर द्यावा. मग नहर तुंबली की त्याचे उत्पन्न घटेल आणि गाळ काढण्याची घाई त्यालाच होईल. एक अट मात्र कडक हवी: पाणी केवळ उताराने येईल तेवढेच घ्यायचे, नहरीत किंवा तिच्या लगत पंप लावायचा नाही. उपसा सुरू झाला की पाझर मोडतो, आणि उगमाच्या पट्ट्यातल्या बोअरवेलनी तो आधीच अशक्त केला आहे. त्या पट्ट्यात नव्या बोअरला परवानगी न देणे हे कंपनीच्या हातात नाही. ते सरकारचे आणि महापालिकेचे काम आहे आणि करारात महापालिकेची जबाबदारी म्हणून तेही लिहिले पाहिजे.

पैशांचे म्हणाल, तर योजनेच्या मूळ १,६८० कोटींत अर्धा टक्का म्हणजे ८ कोटी ४० लाख रुपये. ही रक्कम निविदेच्या स्पर्धेबाहेर, राखीव बाब म्हणून ठेवावी, म्हणजे सर्वांत कमी दर भरण्याच्या नादात तिच्यावर पहिली कुऱ्हाड पडणार नाही. देखरेखीला करारातला स्वतंत्र अभियंता पुरत नाही. त्याला पंप आणि काँक्रीट कळते, चुना कळतोच असे नाही. त्याच्याबरोबर एक वारसा संवर्धन वास्तुविशारद हवा. त्याची नेमणूक आणि पगार महापालिकेकडून असावा आणि ७२ तासांपर्यंत काम थांबवण्याचा अधिकार त्याला असावा. त्याहून जास्त थांबवायचे असेल तर आयुक्तांनी लेखी कारण द्यावे, म्हणजे अधिकाराचा गैरवापर होऊन पाणी अडणार नाही. काढलेले जुने साहित्य महापालिकेच्या मालकीचे राहील, प्रत्येक प्रकाराचा एक नमुना जतन होईल आणि उरलेल्याची विक्री महापालिकाच लिलावाने करेल, असे कलम घालायला एक पैसाही लागत नाही.

चावीवाल्यांसाठी हस्तांतराआधी सहा महिन्यांचा काळ ठेवावा. प्रत्येकाबरोबर कंपनीचा एक तरुण फिटर आणि महापालिकेचा एक कनिष्ठ अभियंता, रोज एक विभाग पायी, प्रत्येक व्हॉल्व्ह आणि हौदाची नोंद नकाशावर. ही नोंद मराठी आणि उर्दूतही असावी, कारण जुन्या मोहल्ल्यांतली ठिकाणांची नावे आणि लोकांच्या आठवणी त्या भाषांत आहेत.

कराराच्या शेवटाचा विचार सुरुवातीलाच करावा लागतो. संभाजीनगरचा आधीचा करार प्रत्यक्ष काम सोपवल्यावर दोन वर्षांतच संपला. असे अचानक संपणारे करार कटुतेत संपतात आणि त्या दिवसांत कागद, नकाशे, कॅमेऱ्याची चित्रफीत, दुरुस्तीच्या नोंदी हरवतात किंवा अडवून ठेवल्या जातात. म्हणून या नोंदी मुदत संपल्यावर द्यायच्या नाहीत. दर सहा महिन्यांनी त्यांची पूर्ण प्रत महापालिकेकडे आणि दुसरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे जमा झाल्याशिवाय त्या सहामाहीचे शेवटचे बिल निघू नये. करार कोणत्याही कारणाने रद्द झाला तरी हे कलम आणि नहरींच्या दुरुस्तीची बँक हमी पुढची पाच वर्षे लागू राहील, असे करारनाम्यात स्पष्ट लिहावे.